बारा किलो डिंकाचे लाडू आणि १६० मिलीची वाटी

पहिला लाडू वळून ताटात ठेवला आणि तो तिथेच फुटला. दुसराही फुटला. तिसरा जावेने मुठीत जरा जास्त वेळ दाबून धरला, तर बोटांच्या फटींतून खोबरं गळायला लागलं. परातीत सव्वाचार किलोच्या आसपास मिश्रण होतं, त्यात बदाम, डिंक, खसखस, सगळा महागाचा माल. आणि चार दिवसांनी बारा किलो लाडू द्यायचे होते.

माझी धाकटी जाऊ पुण्यात घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, अनारसे दिवाळीपुरते; थंडी पडली की खरी मागणी डिंकाच्या लाडवांना. बाळंतिणी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा, पहाटे टेकडी चढणारी मंडळी, सगळ्यांना तेच हवे असतात. रीत आमच्या सासूबाईंची. त्या तासगावजवळ गावी राहतात. जावेने लग्नानंतर ती फोनवरून वहीत उतरवून घेतली होती, ती अशी:

खारीक पूड २ वाट्या, सुकं खोबरं किसून ४ वाट्या, डिंक १ वाटी, बदाम जाडसर कुटून १ वाटी, बेदाणे अर्धी वाटी, खसखस पाव वाटी, गूळ चिरून २ वाट्या, तूप १ वाटी. जायफळ, वेलची अंदाजाने.

या रीतीने एकेक किलोचे घाणे तिने कितीदा केले असतील, कधी तक्रार नाही. घरातली एकच वाटी घ्यायची आणि सगळं त्याच वाटीने मोजायचं, प्रश्नच नव्हता. पण बारा किलोंसाठी मार्केट यार्डातून माल आणायचा तर तिथे वाट्या सांगून चालत नाही. शिवाय भाव काढायचा तर किलोत, आणि पाकिटावर निव्वळ वजन छापायचं तेही ग्रॅममध्ये. म्हणून तिने वाट्यांचे ग्रॅम केले. घोटाळा तिथे झाला.

तिने काय केलं

इंटरनेटवर ‘एक कप म्हणजे किती ग्रॅम’ असे तक्ते ढिगाने मिळतात. तिने त्यातला एक घेतला. खारकेच्या जागी त्यात चिरलेला खजूर सापडला, १४७ ग्रॅम. खोबऱ्यापुढे ९३, बदामाच्या पुडीपुढे ९५, बेदाण्यापुढे १४५. डिंक तक्त्यात असण्याचं कारणच नव्हतं, तो तिने साखरेसारखा धरला, २०० ग्रॅम. खसखस अंदाजाने ३५. गूळ आणि तूप मात्र तिने तक्त्यातून घेतलं नाही. ते तिने पूर्वी एकदा घरच्या वाटीने मोजून काट्यावर ठेवलेलं होतं, वहीच्या समासात आकडे होते: गूळ २६०, तूप १४५. स्वतः मोजलेले आकडे असताना तक्ता कशाला बघायचा, हा विचार तसा शहाणपणाचाच.

ही यादी तिने आधी तिप्पट करून एक मोठा घाणा घातला आणि तो फुटला. तिने गावी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, “तूप कमी पडलंय गं, पातळ करून घाल.” हे निदान बरोबरच होतं, फक्त अर्धं. जावेने घाबरून अर्धा किलो तूप ओतलं. लाडू वळले, पण तासाभरात ताटात बसायला लागले आणि ताटाला तुपाचा थर आला. मग मला फोन आला.

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घरात कुणाचं काही मोजमापाचं बिघडलं की मला बोलावतात, जसं इस्त्री बिघडली की माझ्या दिराला.

माझा पहिला तर्क चुकला

यादी ऐकताच मी म्हटलं, “अगं, वाटी म्हणजे कप नव्हे. तक्त्यातला कप २४० मिलीचा, आपली वाटी दीडशे-एकशेसाठची. तिथेच चुकलीस.” आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच पटेना. सगळंच दीडपट झालं असतं तर काय झालं असतं? लाडू दीडपट झाले असते, बस. वाटी मोठी असो की लहान, रीत बिघडत नाही, कारण रीत प्रमाणात असते. आमच्या आजेसासूबाई चिपट्यानेही, म्हणजे धान्याच्या जुन्या मापानेही, लाडू करायच्याच की.

बिघडलं ते दुसऱ्याच कारणाने. सुका मेवा आला २४० मिलीच्या कपाने आणि गूळ-तूप आलं घरच्या वाटीने. एका घाण्यात दोन मापं शिरली. आकडे मांडून पाहिले. सासूबाईंच्या रीतीत सगळा कोरडा माल मिळून ७३७ ग्रॅम भरतो (हे नंतर मोजलं, पुढे सांगते). जावेच्या यादीत, खारकेच्या बिया वजा जाता, तोच १,०२७ ग्रॅम झाला होता. गूळ तेवढाच, २६०. म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या मालाला जिथे ३५ ग्रॅम गूळ पाहिजे तिथे २५, आणि जिथे २० ग्रॅम तूप पाहिजे तिथे १४. त्यात डिंक १२५ ऐवजी २००. डिंक तळताना तूप पितो, त्यामुळे वळायला उरलेलं तूप त्याहून कमी. लाडू फुटणार नाही तर काय होणार?

आणि गूळही कमी होता हे फोनवर कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून नुसतं तूप वाढलं आणि लाडू बसले.

एवढ्यावर थांबता आलं असतं. सगळं कपाने करा किंवा सगळं वाटीने करा, झालं. पण तक्त्यातला खजूर म्हणजे आपली खारीक नव्हे, तिथलं खोबरं म्हणजे आपला किस नव्हे. ‘१ वाटी बदाम’ या तीन शब्दांत तर वेगळाच पेच होता. मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, गाडीत बसवलं, सोबत घरच्या बेदाण्याची पिशवी आणि त्यांची ती वाटी घेतली, आणि शनिवारी दुपारी पुण्यात पोचले.

वाटी

स्टीलची, बसकी, तोंडाला आठ सेंटिमीटर. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी सासूबाईंच्या माहेरचं आडनाव कोरलेलं आणि पुढे लग्नाची तारीख. रुखवतातली. कडेला एक पोचा.

काटा साधा होता, पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमने मोजणारा. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. १६०. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वाटी किती मिलीची हे कळायला दुसरं काही लागत नाही. जावेच्या रोजच्या वाटीत १४० बसलं. दोघींनी एकच रीत दहा वर्षं केली आणि हे कुणाला माहीत नव्हतं, माहीत असायची गरजही पडली नव्हती.

मग मी आईंना म्हटलं, “आई, तुम्ही नेहमी भरता तशी भरा. मी फक्त वजन लिहिणार.”

“सपाट की शीग लावून?” जावेने विचारलं.

“वाटी म्हणजे वाटी,” आई म्हणाल्या, आणि प्रत्येक पदार्थाला वेगवेगळी भरली.

खारकेची पूड भरताना त्यांनी वाटी दोनदा ओट्यावर आपटली आणि वरून बोटाने सारखी केली. खोबऱ्याचा किस शिगेने घेऊन तळव्याने हलका दाबला. डिंकाचे खडे सपाट. गूळ अंगठ्याने ठासून. बेदाणे नुसते ओतले, वरचे चार घरंगळले ते तोंडात टाकले. यातलं एकही वाक्य वहीत नव्हतं. त्या हे ठरवून करत नव्हत्या. मी विचारेपर्यंत आपण वेगवेगळं भरतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शीग ही किरकोळ गोष्ट नाही. आठ सेंटिमीटर तोंडाच्या वाटीवर पावणेतीन सेंटिमीटर उंचीची शीग लागली तर तिच्यात पंचेचाळीस-पन्नास मिली माल जास्त बसतो, म्हणजे १६० च्या वाटीत पावपेक्षाही जास्त. उभट पेल्यावर तीच शीग नगण्य असते. बसक्या भांड्याने मोजणाऱ्याने आधी शिगेचं ठरवावं.

पूड त्यांच्याकडून तीनदा भरून घेतली: १०४, १०१, १०६. मग मी भरली, न आपटता: ९०. त्यांच्या हातात चार-पाच ग्रॅमचा फरक, माझ्या आणि त्यांच्या हातात चौदाचा. म्हणून जावेच्या वहीतलं ‘२ वाट्या’ फोनवर बरोबर उतरलं तरी हात उतरला नव्हता. हिशेबासाठी आम्ही वाटीला १०० धरले.

बदाम आधी की वाटी आधी

‘बदाम जाडसर कुटून १ वाटी.’ तुम्ही कसं वाचाल? कुटलेले बदाम एक वाटी, असंच ना? जावेनेही तसंच वाचलं आणि तक्त्यातला बदामाच्या पुडीचा आकडा घेतला. आईंनी मात्र वाटीभर अख्खे बदाम घेतले, ते वाटीतून खलबत्त्यात टाकले आणि म्हणाल्या, “हे एक वाटी. आता कुटायचे.”

अख्खे बदाम: ९७ ग्रॅम. तेच ९७ ग्रॅम कुटून पुन्हा त्याच वाटीने मोजले तर दीड वाटी भरली. म्हणजे वाटीभर पुडीत जेमतेम ६४ ग्रॅम बदाम. ‘कुटून’ हा शब्द वाटीच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढ्यावर एक तृतीयांश बदाम गायब होतात.

मला वाटलं होतं, बारीक केलं की माल जास्त बसणार. फटी भरून निघतात, नाही का? खारकेच्या बाबतीत तसंच होतं. अख्खी खारीक वाटीत मावतच नाही, आडवी-तिडवी राहते, पूड मात्र घट्ट बसते. बदामाचं उलट झालं, कारण कुटलेला बदाम तेलकट आणि भुसभुशीत असतो, कण एकमेकांना धरून राहतात, मध्ये हवा कोंडते. अक्रोडाचं तर दोन्ही होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकड्यांत एक कप अक्रोडाच्या अर्ध्या गरांचं वजन १०० ग्रॅम, चिरलेल्या अक्रोडाचं ११७, आणि दळलेल्याचं ८०. चिरलं की वाढलं, दळलं की घटलं. त्यामुळे ‘सुका मेवा एक कप म्हणजे अमुक ग्रॅम’ असा एकच आकडा कुणी सांगितला तर तो विसरून जावा. पदार्थाचं नाव पुरत नाही, तो कोणत्या रूपात मापात शिरला हे लागतं.

बेदाण्याचं बरं आहे, तो बहुतेक वेळा अख्खाच जातो. कृषी खात्याच्याच आकड्यांत एक कप बेदाणे सैल भरले तर १४५ ग्रॅम, दाबून भरले तर १६५. आमच्या वाटीला ते प्रमाण लावलं तर ९८ आणि ११२ येतं. आईंनी ओतलेल्या वाटीत ९९ भरले. मला उगाचच आनंद झाला. पण हे घरचे, याच हंगामातले, सुटे बेदाणे. आमच्याकडे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो नीट सुकलेला असला तर वाटीतून खडखडत पडतो. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीतला बेदाणा ओल धरतो, चिकटतो, गोळ्याने पडतो. त्याच वाटीत तो जास्त वजनाचा भरेल आणि त्या जास्त वजनात थोडं पाणी असेल. अर्ध्या वाटीला काही बिघडत नाही. बेदाण्याचाच पदार्थ असेल तर बिघडतं.

खारीक, खोबरं, डिंक

खारकेला तक्त्याचा उपयोग नाही हे दहा मिनिटांत कळलं. तक्त्यातला चिरलेला खजूर मऊ, ओलसर; खारीक कोरडी ठणठणीत. शिवाय दुकानात ती बियांसकट मिळते. आम्ही एक किलो फोडली. बिया आणि देठ काढून ८६० ग्रॅम राहिली, मिक्सरमधून काढून चाळल्यावर ८४०. चाळणीवर राहिलेले चिवट तुकडे जावेच्या मुलाने खाल्ले. म्हणजे २०० ग्रॅम पूड हवी तर दुकानातून २४० ग्रॅम खारीक आणायची. जावेने पुडीचा आकडा घेऊन तेवढी खारीक आणली होती. पुडीचं पाकीट आणायचं असेल तर अर्थातच हा हिशेब लागू नाही, मात्र तिच्यात काय दळलंय ते देव जाणे.

खोबऱ्यात एक गंमत झाली. मार्केट यार्डात जाण्याआधी जावेने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चौकशी केली होती. “चार वाट्या खोबरं लागतं एका घाण्याला,” ती म्हणाली, तर दुकानदाराने खोबऱ्याच्या चार वाट्या काढून समोर ठेवल्या. त्याचं काय चुकलं? आपल्याकडे खोबऱ्याची वाटी म्हणजे वाळलेल्या नारळाचं अर्धुक. ती ८० ते ९० ग्रॅमची असते, वरची काळी साल खरवडून टाकली की आणखी थोडी कमी. आणि आईंची किसाची वाटी, हलकी दाबलेली, ६० ग्रॅमची. सैल भरली तर ४५. तोच किस भाजून हाताने चुरला तर वाटीत ७५ बसतो. खोबरं हा या लाडवातला सगळ्यात फसवा पदार्थ. चार वाट्यांचे १८० ग्रॅमही होऊ शकतात आणि ३०० सुद्धा, आणि दुकानदाराच्या वाट्यांनी मोजलं तर त्याहून जास्त.

डिंक कच्चा मोजायचा, तळून नाही. हे बहुतेकींना माहीत असतं, पण कुठेच लिहिलेलं नसतं. आईंच्या वाटीत १२५ ग्रॅम कच्चे खडे बसले. तळून फुलवून चुरल्यावर त्याच्याच तीन वाट्या झाल्या. ‘डिंक १ वाटी’ हे कुणी तळलेल्या डिंकासाठी वाचलं तर लाडवात डिंक नावापुरता राहील. तळण्याआधी आणि तळल्यावर कढईतल्या तुपाचं वजन केलं, ५० ग्रॅम कमी भरलं. ते डिंकाने प्यायलं होतं.

गूळ ठासून १३० ग्रॅमची वाटी, तूप पातळ १४५, पाव वाटी खसखस २५. जावेचे समासातले दोन्ही आकडे बरोबर निघाले, कारण ते आकडे घेताना तिने आईंचीच वाटी वापरली होती, गावी असताना.

मधे आई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी शेर दोन होते. तागडीतला शेर वेगळा आणि मापाचा शेर वेगळा. बरोबरच आहे. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, हे वजन. आणि दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे माप. नाव एक, पण एक तागडीत आणि एक भांड्यात. मापाच्या शेरभर बाजरीचं आणि शेरभर लाह्यांचं वजन कुणी सारखं धरत नव्हतं. बायकांना कोणता शेर चाललाय हे बोलण्यातूनच कळायचं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि शेर गेला, तरी आम्ही अजून पाव किलोला पावशेरच म्हणतो. वाटी मात्र कुठल्याच कायद्यात बसली नाही.

यादी

शनिवारी रात्री साडेनऊला ही यादी झाली. एका घाण्याची, ग्रॅममध्ये: खारीक पूड २००, खोबरं २४०, कच्चा डिंक १२५, अख्खे बदाम ९७, बेदाणे ५०, खसखस २५, गूळ २६०, तूप १४५. बेरीज १,१४२. पस्तीस ग्रॅमचे बत्तीस लाडू.

बारा किलोंसाठी साडेदहा पट: पूड २.१ किलो (म्हणजे खारीक अडीच किलो), किसलेलं खोबरं अडीच किलो (खरवडण्यात जातं म्हणून आणायचं पावणेतीन), डिंक १ किलो ३०० ग्रॅम, बदाम एक किलोला थोडे जास्त, बेदाणे सव्वापाचशे ग्रॅम, खसखस २६०, गूळ २ किलो ७३०, तूप दीड किलो. बदामाचे ९७ मी १०० करायला निघाले तर जाऊ म्हणाली, “ताई, तीन ग्रॅम गुणिले साडेदहा कोण देणार?” धंदा तिचा आहे.

जायफळाचा मी हिशेब मांडला, पाच आले. आईंनी तीन सांगितले. तीनच घातले.

बिघडलेला घाणा टाकायचा नव्हता. त्यात कोरडा माल ३.०८ किलो, गूळ ७८० ग्रॅम आणि नंतरच्या अर्ध्या किलोसकट तूप ९३५ ग्रॅम होतं. तूप काढून घेता येत नाही, म्हणून तुपालाच प्रमाण धरलं. ९३५ ग्रॅम तुपाला पावणेपाच किलो कोरडा माल लागतो, म्हणजे सुमारे १ किलो ६७० ग्रॅम आणखी. आणि तेवढ्याला गूळ एकूण १ किलो ६६०, म्हणजे ८८० ग्रॅम वाढवायचा. वाढीव मालात डिंक घेतला नाही, आधीचाच बराच होता. खारीक पूड, कोरडं भाजलेलं खोबरं आणि राहिलेले बदाम घेतले. बसलेले लाडू मोडले, मिश्रण कोमट केलं, वाढीव गूळ एक चमचा पाणी घालून वितळवून घातला. आई परातीजवळ बसून हात घालून पाहत होत्या. मी काट्याकडे बघत होते. दोघींना ‘झालं’ असं साधारण एकाच वेळी वाटलं, फक्त त्यांना काही सेकंद आधी.

७ किलो ३०० ग्रॅमचे लाडू त्यातून निघाले. उरलेले पाच किलो रविवारी नव्या यादीने केले. दोन्ही घाण्यांतले लाडू शेजारी ठेवले तर फरक दिसायचा: दुसऱ्यात डिंक जास्त चमकत होता. डबे भरताना जावेने ते वेगळे ठेवले, मिसळले नाहीत, आणि बाळंतिणींच्या डब्यांत जास्त डिंकवाले घातले. मंगळवारी सगळे डबे गेले.

उलटा प्रवास

महिन्याने माझ्या भाचीचा न्यू जर्सीहून फोन. तिला यादी हवी होती, पण तिच्याकडे काटा नाही, कप आहेत. म्हणजे पुन्हा ग्रॅमचे कप. मी गणिताला बसणार, एवढ्यात वाटलं, वजनाला मध्ये आणायचंच कशाला? आईंची वाटी १६० मिलीची, तिचा कप साधारण २३७ चा. म्हणजे एक वाटी म्हणजे दोन तृतीयांश कप. आईंनी भरली तशी भर म्हटलं की झालं. मापातून मापात जायला घनता लागत नाही. बदाम, डिंक, बेदाण्याला हे चाललं.

खोबऱ्याला नाही, कारण तिकडे तिला मिळालं ते भुग्यासारखं बारीक खोबरं, ते कपात आपल्या किसापेक्षा घट्ट बसतं. गोड केलेलं खोबरं तर घेऊच नकोस म्हटलं, त्याने गुळाचा हिशेब बिघडतो. मग करायचं काय? पिशवीवर वजन छापलेलं असतं. अर्ध्या किलोची पिशवी असेल तर कागदावर ओतून निम्मी कर आणि दोन चमचे परत टाक, २४० च्या आसपास आलीस. काटा नसलेल्या घरात छापलेली पिशवी हाच काटा.

खारीक तिला मिळाली नाही, तिने मऊ मेजूल खजूर घातला. ग्रॅम तेवढेच घेतले तरी पदार्थ बदलला. खजुरात पाणी आहे, तो स्वतःच बांधतो. गूळ पाऊण घे आणि लाडू फ्रिजमध्ये ठेव, महिनाभर टिकतील अशी आशा नको, एवढं सांगितलं. तिने फोटो पाठवला. लाडू जरा काळे, पण गोल होते.

आता जावेच्या कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलेली आहे. खाली आईंच्या अक्षरात पेन्सिलीने एक ओळ आहे: ‘कोरडं वाटलं तर मूठभर बेदाणे वाटून घालणे.’ त्या रविवारी ती ओळ लिहिताना त्यांनी मला हटकलं होतं, “हिचं वजन नाही करत?”

मी काटा पुढे केला. त्यांनी पिशवीत हात घालून मूठ भरली आणि वाटीत सोडली. ३१. परत पिशवीत टाकून पुन्हा भरली. ३१. तिसऱ्यांदा ३२ आले, तेव्हा त्यांनी एक बेदाणा उचलून काट्याकडे पाहिलं आणि बाकीचे नातवाच्या हातावर ठेवले.